छपरावरची छत्री आणि मराठीला मारलेली हाक

भाषेचा इतिहास लिहायला बसले की आपण शिलालेख काढतो, पोथ्या काढतो, मग छापखाने, शाळा, वर्तमानपत्रे आणि नाटक मंडळ्यांकडे येतो. उपग्रहाचे नाव त्यात कोणी घेत नाही. पण गोव्यातल्या, बेळगावातल्या, इंदूर-ग्वाल्हेरच्या आणि बडोद्याच्या मराठीचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा हिशेब मांडायचा तर विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर टांगलेल्या यंत्राला त्यात मानाचे पान द्यावे लागेल, असे माझे मत आहे. आता त्या यंत्राचे दिवस उतरणीला लागले आहेत. घराच्या छपरावरची छत्री गंजते आहे आणि करमणूक भिंतीतल्या तारेतून किंवा मोबाईलच्या टॉवरवरून घरात येते आहे. हा बदल केवळ यंत्राचा आहे की आपल्या भाषेच्या नशिबाचाही आहे, हे तपासून पाहावे म्हणून हा लेख.

सुरुवात एका गमतीदार हकिकतीने करतो. भारतात खासगी वाहिन्यांचे पर्व ज्या उपग्रहामुळे सुरू झाले तो एशियासॅट-१ चक्क सेकंडहँड होता! त्याचे मूळ नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानाने तो अवकाशात सोडला, पण त्याला वरच्या कक्षेत नेणारे इंजिन नीट चालले नाही आणि तो खालीच भरकटत राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी तो अक्षरशः हाताने पकडून पृथ्वीवर परत आणला. मग त्याची दुरुस्ती झाली, हाँगकाँगच्या कंपनीने तो घेतला आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या अग्निबाणाने तो पुन्हा वर गेला. अमेरिकेने बनवलेला, नादुरुस्त झालेला, परत आणलेला, हाँगकाँगला विकलेला आणि चीनने उडवलेला हा उपग्रह. त्याचा प्रकाशझोत पडला तो मात्र आपल्या माडांवर आणि कौलांवर.

त्याच्या आधीचा काळ आठवून पाहा. भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला. 'गजरा', 'चिमणराव', 'ज्ञानदीप', 'आमची माती आमची माणसं' ही नावे आजही पन्नाशी-साठीतले मुंबईकर ज्या जिव्हाळ्याने घेतात, ती त्या मुंबई केंद्राची. पण जमिनीवरच्या मनोऱ्याचे प्रक्षेपण म्हणजे देवळातल्या दीपमाळेच्या उजेडासारखे. जवळ लख्ख आणि दहा कोसांवर काळोख. मध्ये डोंगर आला तर विचारायलाच नको. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. पुढे १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंग आला, १९८३ साली इन्सॅट-१बी वर गेला आणि १९८४ मध्ये तर काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता.

म्हणजे उपग्रह तेव्हाही होता. पण तो सरकारचा होता आणि दिल्लीचा कार्यक्रम गावोगावच्या मनोऱ्यांपर्यंत पोचवणे एवढेच त्याचे काम होते. ७ जुलै १९८४ पासून 'हम लोग', २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण', पुढच्या वर्षी 'महाभारत'. रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' लागले की आमच्या वाड्यावर रस्ता ओस पडत असे. टीव्ही एकाच्या घरी आणि सगळा वाडा त्याच्या सोप्यावर. म्हाताऱ्या बायका चपला बाहेर काढून, पदर सावरून बसत. हे सगळ्या देशात झाले आणि त्यावर पुष्कळ लिहूनही झाले आहे. मला वेगळेच सांगायचे आहे. त्या टीव्हीवर सगळा देश होता, पण आमची वाचायची भाषा त्यात क्वचितच होती. गोव्यातला हिंदू माणूस घरात कोंकणी बोलतो, पण पोथी, आरती, भजन, जत्रेतले नाटक आणि सकाळचा पेपर यांसाठी त्याला मराठी लागते. पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालत आले आहे. बेळगावकराचे दुखणे वेगळे, इंदूरकराचे वेगळे. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखीच होती. मनोऱ्यांची व्यवस्था राज्याच्या सीमा पाळत होती आणि आपण सगळे सीमेच्या पलीकडचे होतो.

आता पुन्हा त्या सेकंडहँड उपग्रहाकडे येऊ. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले आणि शहरांतल्या मोठ्या हॉटेलांनी सीएनएन पाहण्यासाठी डिश बसवल्या. युद्ध दिवाणखान्यात थेट दिसू शकते हे लोकांना कळले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला. त्याच्या सुरुवातीच्या पाच वाहिन्यांत एकही भारतीय भाषा नव्हती. तरीही गल्लीबोळातल्या तरुण मुलांनी, ज्यांतले बरेचसे आधी व्हिडिओ कॅसेट लायब्ररी चालवत होते, दहा-बारा फुटांच्या छत्र्या उभारल्या आणि घरोघर वायर ओढायला सुरुवात केली. ना परवाना ना कायदा. आमच्याकडे तर ती वायर माडावरून फणसावर, फणसावरून विजेच्या खांबावर आणि तिथून खिडकीच्या गजातून आत येत असे. छत्रीचे तोंड पूर्व-आग्नेयेला, कारण एशियासॅट आपल्यापासून पुष्कळ पूर्वेला होता. वानर माडावरून छत्रीवर उडी मारून गेले की सगळ्या वाड्याचे चित्र गेले!

ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आला. ही उपग्रहावरची पहिली खासगी हिंदी वाहिनी. त्या काळी खासगी वाहिनीला भारतातून उपग्रहाकडे प्रक्षेपण करता येत नसे, म्हणून मुंबईत केलेल्या कार्यक्रमांच्या टेप विमानाने हाँगकाँगला जात आणि तिथून आकाशमार्गे परत येत. १९९३ साली रूपर्ट मर्डोक यांनी सुमारे ५२.५ कोटी डॉलर मोजून स्टारची बहुसंख्य मालकी विकत घेतली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. त्याच वर्षी केबलचा कायदाही आला. म्हणजे वायर आधी आली, कायदा नंतर. आपल्या देशात हे नवीन नाही. फाईल नेहमीच माणसाच्या मागून चालत येते.

पण आपल्या दृष्टीने खरी तारीख आहे १५ ऑगस्ट १९९९. त्या दिवशी अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली. पुढच्या वर्षी, म्हणजे जुलै २००० मध्ये, हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीच्या संस्थेची ई टीव्ही मराठी आली. अल्फाची २००५ साली झी मराठी झाली, ई टीव्हीची २०१५ साली कलर्स मराठी झाली आणि २००८ च्या नोव्हेंबरात स्टार प्रवाह आली. 'आभाळमाया', 'प्रपंच', 'अवंतिका', 'वादळवाट', 'चार दिवस सासूचे', 'होम मिनिस्टर', 'सारेगमप'... यादी वाचतानाच तुमच्यापैकी अनेकांच्या कानात शीर्षकगीते वाजू लागली असतील.

या वाहिन्यांचा दर्जा हा वेगळा विषय आहे. सासूने सुनेच्या दुधात काय घातले याची चर्चा आज नको. आज मला त्यांच्या भूगोलाबद्दल बोलायचे आहे. उपग्रहाचा झोत जमिनीवर पडतो त्याला इंग्रजीत पाऊलखूण म्हणतात. ही पाऊलखूण अख्ख्या देशाहूनही मोठी असते. तिला १९५६ ची राज्य पुनर्रचना माहीत नसते. बेळगाव कोणत्या राज्यात गेले, हैदराबाद संस्थानातून मराठवाडा कधी वेगळा झाला, गोवा १९६१ ला मुक्त झाला, १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरण नाकारले गेले, यातले तिला काहीच ठाऊक नाही. मुंबईच्या स्टुडिओतले मराठी वाक्य त्याच सेकंदाला पेडण्यात, खानापुरात, इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आणि बडोद्याच्या दांडिया बाजारात पडू लागले. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या फौजांबरोबर दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी जी कुटुंबे उत्तरेकडे गेली, त्यांच्या पणतवंडांना रोजच्या वापरातली मराठी रोज संध्याकाळी ऐकू येण्याची अशी सोय त्याआधी कधीही नव्हती. पत्र होते, पुस्तक होते, वर्षाकाठी एखादे नाटक येत होते. पण रोज, ठरल्या वेळी, फुकट म्हणावी इतक्या स्वस्तात, न मागता मराठी घरात येणे ही नवी गोष्ट होती.

यातला 'न मागता' हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

याच काळातली आणखी एक मौज. वाहिन्यांचे प्रेक्षक मोजणारी 'बार्क' ही संस्था २०१५ पासून आकडेवारी देऊ लागली. तिच्या तक्त्यांत मराठी वाहिन्यांच्या बाजारपेठेचे नाव 'महाराष्ट्र/गोवा' असे येते. १९६७ च्या कौलात ३४ हजारांच्या फरकाने जे नाकारले गेले, ते जाहिरातवाल्यांनी एका तिरक्या रेघेत करून टाकले! विलीनीकरणाच्या बाजूचे असोत की विरोधातले, ही रेघ पाहून दोन्हीकडच्या जुन्या कार्यकर्त्यांना हसू यावे. पण गंमत सोडली तर त्या रेघेला अर्थ होता. मराठी पाहणारे गोव्याचे घर कुठेतरी मोजले जात होते. बेळगाव आणि इंदूरचे घर मात्र मराठीच्या खात्यात नाही, तर आपापल्या राज्याच्या रकान्यात जात होते. मोजणी ज्याची होते त्याच्यासाठी माल बनतो. २०१६ साली झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. सिंधुदुर्गातले घर आणि पात्रांच्या तोंडी मालवणी. आमच्या सीमेपलीकडची, कानाला अगदी शेजारीण वाटणारी बोली. आमच्या कचेरीत दुपारच्या डब्याला महिनोन्‌महिने तीच चर्चा होती. पेडणेकर सहकारी म्हणायचा, हे तर आमच्या आजीसारखेच बोलतात. सासष्टीतला म्हणायचा, मला अर्धेच कळते पण बघतो. टेबल एक, विषय एक, कारण आदल्या रात्री सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट पाहिलेली.

दरम्यान तंत्र बदलत होते. ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्हीने थेट घरोघर, म्हणजे डीटीएच सेवा सुरू केली, २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची विनाशुल्क सेवा आली आणि २००६ मध्ये टाटा स्काय. दहा-बारा फुटांची छत्री दोन फुटांवर आली, कारण या सेवा के-यू पट्ट्यातल्या आखूड लहरी वापरतात. त्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. आखूड लहर लहान छत्रीत मावते, पण पावसाचे जाड थेंब तिला शोषून घेतात. जुन्या सी पट्ट्याच्या सात-आठ सेंटीमीटरच्या लहरींना पावसाचे एवढे भय नव्हते. त्यामुळे गोव्याच्या आषाढात काय होत असे ते तुम्हाला सांगायला नको. मालिकेत नेमका उलगडा व्हायचा, बाहेर धो धो सर आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी. सर ओसरेपर्यंत नायिकेचे लग्न लागून गेलेले!

२०१२ पासून केबलचेही सक्तीने डिजिटलीकरण झाले. आधी चार महानगरे, मग ३८ शहरे आणि २०१७ पर्यंत बाकीचा देश. प्रत्येक घरात डबा बसला. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये दूरसंचार नियामकाची नवी दरपद्धत लागू झाली. १३० रुपये अधिक कर भरून शंभर वाहिन्यांची जागा मिळणार, आणि त्यापुढे सशुल्क वाहिन्या ज्याच्या त्याने निवडून पैसे द्यायचे. ग्राहकाला निवडीचा हक्क मिळावा हा उद्देश चांगलाच होता. पण हक्क मिळाला की अर्ज भरावा लागतो, हे माझ्यासारख्या कारकुनाला वेगळे सांगायला नको. आमच्या घरी अर्ज भरायच्या आत तयार पॅकेज आले. त्यात हिंदी भरपूर, इंग्रजी थोडे आणि मराठीत बातम्यांपलीकडे फारसे काही नाही. संध्याकाळी सातला आईने रिमोट दाबून पाहिला, पुन्हा दाबला आणि मला हाक मारली, "रे पुता, म्हजें मराठी खंय गेलें?"

या प्रश्नात गोव्याचा सगळा भाषिक इतिहास आहे असे मला वाटते. प्रश्न कोंकणीत आणि विचारणा मराठीची. राजभाषेवरून आमच्याकडे जो वाद झाला त्यात या दोन भाषांना दोन पाटांवर बसवले गेले. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय वापराची सोय मिळाली. पण आईच्या वाक्यात दोघी एकाच पाटावर बसल्या होत्या. पैसे भरून वाहिनी दोन दिवसांत परत आली. तरी त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले की न मागता येणारी गोष्ट आता मागावी लागणार आहे.

आणि हे इंटरनेटचे युग नीट येण्याच्या आधीचे.

इंटरनेटची कथा समांतर चालली होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या त्या जोडणीत एक फोटो उघडेपर्यंत चहा होत असे. २००५ साली यूट्यूब जन्मले आणि २००८ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली. त्याच वर्षी रिलायन्सच्या एका कंपनीने बिगफ्लिक्स नावाने इंटरनेटवर चित्रपट दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न, पण तो काळाच्या फार पुढे होता. वाहिनी तयार होती, वाहून नेणारा रस्ता तयार नव्हता. फेब्रुवारी २०१५ मध्ये हॉटस्टार आले, ६ जानेवारी २०१६ ला नेटफ्लिक्स, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्राइम व्हिडिओ. तरी खरी तारीख ५ सप्टेंबर २०१६ म्हणायला हवी. त्या दिवशी जिओ सुरू झाले आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट वाटला गेला. एक जीबीला काही वर्षांपूर्वी दोन-अडीचशे रुपये पडत, ते दोन-तीन वर्षांत दहा-पंधरा रुपयांवर आले. रस्ता तयार झाला आणि गाड्या सुटल्या.

इथे दोन्ही पद्धतींतला मूळ फरक समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यातून निघते. उपग्रह म्हणजे पाऊस. एक घर असो की एक कोटी, वरून पडणारे पाणी तेवढेच आणि खर्चही तेवढाच. इंटरनेटवरचे प्रक्षेपण म्हणजे नळ. प्रत्येक घराला वेगळी तोटी. चित्रपटाचे काही सेकंदांचे छोटे छोटे तुकडे करून ठेवतात, प्रत्येक तुकड्याच्या चांगल्या, मध्यम, साध्या प्रती असतात आणि तुमची जोडणी जशी असेल तशी प्रत तुमच्याकडे येते. म्हणून रेंज कमी झाली की चित्र अस्पष्ट होते, पण एकदम जात नाही. प्रत्येक पाहणाऱ्यामागे वेगळा खर्च, आणि प्रत्येक पाहणाऱ्याची वेगळी नोंद. तुम्ही काय पाहिले, किती मिनिटांवर सोडले, पुन्हा कधी आलात, सगळे लिहून ठेवले जाते. पाऊस कोणाच्या अंगणात पडला याची वही ठेवत नाही. नळाला मीटर असतो.

मार्च २०२० ची टाळेबंदी हा या बदलातला विलक्षण टप्पा. एकीकडे घरात अडकलेली तरुण पिढी मोबाईलवर मालिकांचे हंगाम एका रात्रीत संपवत होती. दुसरीकडे २८ मार्चपासून दूरदर्शनने जुने 'रामायण' पुन्हा लावले आणि १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिल्याचा दावा केला. जुन्या काळाने जाता जाता घातलेला तो शेवटचा मोठा गजर होता. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात निर्बंध आल्यावर मराठी मालिकांची काही पथके गोव्यात चित्रीकरणाला आली. आमच्याकडचे रुग्ण वाढत होते, लोक चिडले, विरोध झाला आणि मे महिन्यात परवानग्या रद्द झाल्या. आम्ही ज्या मालिका वीस वर्षे आकाशातून पाहत होतो त्या प्रत्यक्ष दारात आल्या, तेव्हा त्यांना परत पाठवावे लागले. काळाचा महिमा!

पुढे पैशानेही बाजू बदलली. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला. भारतीय उपखंडासाठी दूरचित्रवाणीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि डिजिटलचे, दोन गट मिळून, २३,७५८ कोटींना. इंटरनेटचे मोल दूरचित्रवाणीच्या वर गेले. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच क्षणी ५.९ कोटी पाहणारे होते. २०२४ साली देशातल्या माध्यम व्यवसायात डिजिटलची उलाढाल सुमारे ८० हजार कोटींवर पोचली आणि दूरचित्रवाणीची सुमारे ६८ हजार कोटींवर राहिली. सशुल्क डीटीएचचे ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे ७.१ कोटी होते, ते मार्च २०२५ मध्ये सुमारे ५.७ कोटींवर आले. १९९१ मध्ये हाँगकाँगहून आलेला स्टार आणि २०१६ मध्ये आलेले जिओ यांचे डिजिटल दुकान १४ फेब्रुवारी २०२५ पासून जिओहॉटस्टार या एकाच पाटीखाली आले आहे. एक वर्तुळ पूर्ण झाले म्हणायचे.

मग आपल्या मराठीचे काय झाले?

नुसता रडगाणे गाणारा लेख मला लिहायचा नाही, म्हणून आधी जमेची बाजू. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा शास्त्रीय संगीतावरचा मराठी चित्रपट व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार घेऊन आला आणि एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर जगभर एकाच दिवशी उपलब्ध झाला. वाहिनीच्या संध्याकाळच्या वेळापत्रकात त्याला कोणी जागा दिली नसती. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची 'समांतर' २०२० मध्ये आली. २०२१ मध्ये केवळ मराठीसाठी प्लॅनेट मराठी हा मंच सुरू झाला. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण 'लंपन'चे. प्रकाश नारायण संतांच्या लंपनकथांवर निपुण धर्माधिकारी यांनी केलेली ही मालिका २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली. लंपनचे जग म्हणजे बेळगावकडचा, कानडी-मराठी एकमेकांत मिसळलेला मुलूख. टीआरपीच्या तक्त्यात मराठी म्हणून ज्याला रकाना नव्हता तो मुलूख! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पणजीत इफ्फीचा सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार 'लंपन'ला मिळाला. सीमेवरच्या मराठीची गोष्ट सीमेवरच्या दुसऱ्या गावात गौरवली गेली. ही साधी गोष्ट नाही. यूट्यूबवर तर आमच्याकडची घुमट आरती, जत्रेतला काला, गावच्या हौशी मंडळींची संगीत नाटके सगळे आहे. दुबईत नोकरी करणारा मुलगा चवथीला घरची आरती मोबाईलवर ऐकतो. उपग्रहाच्या काळात आमच्या वाड्याचा आवाज कधी वर गेलाच नव्हता. आम्ही फक्त घेणारे होतो. आता देणारेही झालो.

आता नावेची बाजू. पहिली गोष्ट, सामाईक वेळ गेली. डब्याच्या टेबलावर आता एक जण कोरियन मालिका पाहतो, दुसरा मल्याळम चित्रपट हिंदी आवाजात, तिसरा नुसती क्लिप. सगळे चांगले पाहतात, पण एकमेकांना सांगायला काही उरत नाही. दुसरी गोष्ट, पडद्यावर काय पुढे करायचे ते आता यंत्र ठरवते, आणि आपण आधी जे पाहिले त्यावरून ठरवते. घरातल्या मुलाने चार इंग्रजी मालिका पाहिल्या की मराठीचे चित्र खाली, आणखी खाली जाते. वाहिनीच्या काळात नातवाला आजीची मालिका नाइलाजाने कानावर पडायची. अभ्यास करता करता 'काळजी', 'उंबरठा', 'माहेर' हे शब्द कानात शिरायचे. गोव्यात मराठी शाळा ओस पडत असताना अनेक मुलांना तेवढीच मराठी मिळत होती. आता आजीचा पडदा वेगळा, नातवाचा वेगळा, आणि मध्ये कानाला लावलेल्या बोंड्या. भाषा पाठ करून येते त्याहून जास्त ती कानावर पडून येते. ते पडणेच थांबले आहे.

तिसरी गोष्ट टिकण्याची. दूरदर्शनच्या जुन्या काळात टेप महाग होत्या, म्हणून एका कार्यक्रमावर दुसरा घेतला गेला आणि कितीतरी मराठी कार्यक्रम पुसले गेले, असे आपण हळहळून सांगतो. आज सगळे कायम राहील असा समज आहे. पण मंचाचा करार संपला की चित्रपट यादीतून निघून जातो आणि कंपन्या विलीन झाल्या की जुनी दुकाने बंद होतात. आपण पैसे पाहण्याचे भरतो, ठेवण्याचे नाही. गावच्या ग्रंथालयात १९४० सालचा अंक मिळतो. पाच वर्षांपूर्वीची वेब मालिका मिळेलच असे नाही.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी पणजीच्या इफ्फीत प्रसार भारतीने 'वेव्ह्ज' हा स्वतःचा मंच सुरू केला. आकाशवाणी-दूरदर्शनचा जुना ठेवा त्यावर येतो आहे. सार्वजनिक संस्थेने हे काम हाती घेतले हे योग्य झाले, आणि आपल्या गावात घेतले हा योगायोग छान. पण तिथेही नियम तोच. उघडावे लागते, शोधावे लागते, भाषा निवडावी लागते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. उपग्रहाच्या पंचवीस वर्षांत सीमेबाहेरच्या मराठीला एक सवय लागली, की मराठी आपोआप येते. तिची चिंता मुंबई-पुण्याने करायची आणि आपण संध्याकाळी सातला टीव्ही लावायचा. ते दिवस गेले आणि परत येणार नाहीत. नळाच्या मीटरवर आता आपली भाषा रोज मोजली जाते. बेळगावचे, बडोद्याचे, गोव्याचे घर आता राज्याच्या रकान्यात हरवत नाही, हा खरे तर नव्या व्यवस्थेचा मोठाच गुण. आपण मराठी पाहिले तर ते लगेच लिहिले जाते. पाहिले नाही तर तेही लिहिले जाते.

आमच्या घरी आता रविवारी रात्री जेवणानंतर मोठ्या पडद्यावर एक तरी मराठी गोष्ट लावायची असा रिवाज पाडला आहे. मुलगी आधी कुरकुरली. 'लंपन' मात्र तिने दोनदा पाहिली, आणि नंतर कपाटातून संतांचे 'वनवास' काढून घेतले. आईला अजून रिमोटवरचा आवाजाने शोधायचा बटण सापडत नाही. मग ती नातीला हाक मारते, कोंकणीत, आणि मराठी लावून घेते.